घर कोण मोडते?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठ-पंधरा दिवसांनी एक संदेश फिरून येतो: बायकांच्या कायद्यांनी घरे मोडली म्हणे! खाली हात जोडल्याची दहा-बारा चित्रे. हा विषय तिथे चार ओळींत मावणारा नाही, म्हणून इथे लिहिते. संदेश पाठवणारेही हे वाचतात, हे ठाऊक आहे मला.

मंडळी, घर मोडते ते पहिल्या थपडेने. कायदा नंतर येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती. ७७ टक्के बायका त्याबद्दल कुणाजवळ बोलल्याही नव्हत्या. मग कायद्याचा सुळसुळाट झाला तो कुठे?

फ्लेव्हिया ॲग्नेस हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या वकील. स्वतः वर्षानुवर्षे नवऱ्याचा मार खाल्लेल्या. घराबाहेर पडल्या, शिकल्या, १९८४ साली आपली कहाणी लिहिली, १९८८ पासून वकिली सुरू केली आणि पुढे 'मजलिस' या संस्थेतून असंख्य बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या ख्रिश्चन. १८६९ च्या कायद्याप्रमाणे ख्रिश्चन पत्नीला नुसत्या छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. हे बदलले २००१ साली. म्हणजे १३२ वर्षे कायदा नवऱ्याच्या पंगतीला बसला होता. तेव्हा कुणाला कायद्याची तक्रार सुचली नाही!

१९८३ साली कलम ४९८-अ आले (२०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले). त्यात नवऱ्याला तुरुंग होता, पण बाईला छप्पर नव्हते. ॲग्नेसबाईंनी १९९२ साली मागच्या दशकाचा हिशेब मांडला, तो हाच: आंदोलन झाले की शिक्षा कडक होते, बाईच्या पदरात मात्र फार थोडे पडते. मार खाणाऱ्या बाईला आधी हवे असते ते मार थांबणे, राहायला जागा, मुले आणि महिन्याचा खर्च.

ते देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. ज्याला तुम्ही घरफोड्या कायदा म्हणता, त्यात पहिला आदेश तुरुंगाचा नसतोच. मारू नकोस, तिला घराबाहेर काढू नकोस, खर्च दे, एवढेच न्यायदंडाधिकारी सांगतात. तो आदेश मोडला तर पुढची शिक्षा. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी तिचा राहण्याचा हक्क त्यामुळे आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बाईला घरात ठेवणारा कायदा घर मोडतो कसा?

खोट्या तक्रारी होतात, असे तुम्ही म्हणाल. होत असतील. खोटे खटले जमिनीचेही होतात, म्हणून सातबारा कुणी रद्द करा म्हणत नाही. आणि तक्रार आली म्हणून सरसकट अटक करू नका, असे न्यायालयाने २०१४ सालीच बजावले आहे. खरी ओरड उशिराची हवी. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, आणि बायका मात्र तारखा मोजत बसतात. त्यावर एखादा संदेश आलेला मी तरी पाहिला नाही.

आता आपल्याकडचे बोलू. करंजाड्यात इमारतीला इमारत लागून आहे. वरच्या मजल्यावरून पाणी गळले तर दुसऱ्या दिवशी नोटीस जाते. त्याच भिंतीतून रडणे ऐकू आले तर मात्र तो 'त्यांच्या घरचा मामला' होतो. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतो, शेजारीसुद्धा. चांगल्या हेतूने दिली असेल तर सांगणाऱ्यावर कसलाही ठपका येत नाही. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

तेव्हा भाऊ, भाचे, जावईबापू, तो संदेश पुढे ढकलायचा असेल तर खुशाल ढकला. फक्त त्याखाली दोन आकडे जोडा: १८१ आणि ११२. आपल्या गटात किती लेकी-सुना आहेत, हे मी सांगायला नको. त्यातल्या एखादीला ते लागत असतील.