औषध बोगस, की बुरशी निर्ढावली?

शेतकरी बंधूंनो, हरभऱ्यात मर लागून जागोजागी टक्कल पडलं की आपण दोनच गोष्टी बोलतो. एक, औषध बोगस निघालं. दोन, डोस वाढवून पुन्हा मारा. तिसरी शक्यता कोणी बोलत नाही. औषध खरं असेल, पण त्या बुरशीला ते आता लागूच पडत नसेल तर?

आपण तक्रार केली की निरीक्षक औषधाचा नमुना घेतात. त्यात घटक पुरेसा आहे की नाही, एवढंच कळतं. बुरशी मरते की नाही, ही चाचणी वेगळी. रोगट झाडातून बुरशी वेगळी काढतात. बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर यांचं खाद्य दोन बशांत ओततात. एकीत औषध मिसळतात, दुसरी कोरी. मधोमध बुरशीचा टिकलीएवढा तुकडा ठेवून साधारण आठवड्याने वाढ मोजतात. समजा, कोऱ्या बशीत ती 90 मिलिमीटर पसरली आणि औषधाच्या बशीत 18, तर औषधाने 80 टक्के वाढ रोखली. मात्र बशीत जमलं ते शेतात जमेलच असं नाही. मरीची बुरशी जमिनीत अनेक वर्षं टिकते आणि मुळातून शिरते. झाड सुकल्यावर वरून फवारून उपयोग नाही.

बुरशी निर्ढावते कशी? कार्बेन्डाझिम बुरशीच्या एकाच जागी घाव घालतं. तेवढी जागा बदललेली बुरशी वाचते आणि तिचाच वंश वाढतो. मॅन्कोझेब अनेक जागी मारतं, म्हणून तिथे हा धोका कमी.

हा प्रश्न फक्त पिकाचा नाही. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या रोग्यांसाठी अँफोटेरिसिनची धावाधाव झाली, कारण फ्लुकोनॅझोल त्या बुरशीवर चालत नाही. माणसाच्या फुप्फुसात शिरणाऱ्या अस्परजिलस बुरशीचे औषधाला न जुमानणारे वाण दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना शेतातल्या मातीतही सापडले. 2012 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आपलं टेब्युकोनॅझोल आणि दवाखान्यातलं व्होरिकोनॅझोल एकाच कुळातली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही बुरशी सर्वात गंभीर गटात घातली.

मग करायचं काय? आधी रोग ओळखा. सुकलेल्या झाडाचा बुंधा उभा चिरा. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर मर. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असतील तर ती मानकुजव्या, उपाय वेगळा. जाकी 9218 सारखा मरीला तोंड देणारा वाण घ्या. बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, पण कार्बेन्डाझिमसोबत नको, ते ट्रायकोडर्मालाच मारतं. दरवर्षी तेच औषध नको आणि त्याच वावरात हरभऱ्यावर हरभरा नको.

गावच्या कर्मचारी मित्रांनो, पंचनाम्यात 'औषध निकामी' एवढंच लिहून थांबू नका. औषधाचं नाव, बॅच नंबर, किती वर्षं वापरलं, हेही लिहा. मुळासकट चार-पाच रोगट झाडं कागदात गुंडाळून बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवा. गरज पडली तर अकोल्याला कृषि विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवा. औषधाच्या नमुन्याबरोबर बुरशीचाही नमुना गेला, तरच दोष कोणाचा ते कळेल. नाहीतर डब्यामागून डबे रिकामे होतील आणि टक्कल तिथंच राहील.