तीन पावलांचे दान

बलिप्रतिपदेला आपण बळीची पूजा करतो आणि त्याचे राज्य पुन्हा येवो म्हणतो. पण त्याच्या कथेतला बोध मात्र फराळाबरोबर गिळून टाकतो. दारी आलेल्या बटूने मागितली ती तीनच पावले जमीन. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपले, आणि तिसऱ्यासाठी दात्याला स्वतःचे मस्तक पुढे करावे लागले. कथा देवाची आहे, तिला नमस्कार असो. परंतु माणसांच्या राज्यात मागणारा लहान दिसला, तरी देणाऱ्याने पावलाचे माप आधी विचारून घ्यावे, एवढे शहाणपण तिच्यातून घ्यायला हरकत नाही.

हे आठवण्याचे कारण असे. ठाण्याहून वा डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत जगातल्या कुठल्याही लढाईचा विषय निघो, कुणी तरी गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालीत ठासून सांगतात, ‘‘युद्धात सगळी सूत्रे एकाच्या हाती द्यावीत आणि बाकीच्यांनी तोंड मिटून बसावे!’’ हे गृहस्थ हुकूमशहा नसतात. कुटुंबवत्सल, देशावर प्रेम करणारे सज्जन असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे खोडून काढणे अगत्याचे आहे. दुर्जनांच्या मताने राष्ट्रे सहसा फसत नाहीत; ती फसतात सज्जनांच्या भाबडेपणाने.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे नाही. शत्रू दाराशी आल्यावर समिती नेमून भागत नाही. आपल्या राज्यघटनेनेही हे ओळखले आहे. म्हणून तर कलम ३५२ अन्वये राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येते. वाद सत्ता देण्याचा नाहीच. वाद आहे तो हिशेब घेण्याचा आणि दिलेली सत्ता परत मागण्याचा.

१९६२ सालचेच पाहा. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि ऐन दिवाळीच्या दिवसांत, २६ ऑक्टोबरला, राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. स्त्रियांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला दिले. त्या वेळी देशाने तोंड मिटले होते काय? मुळीच नाही. विरोधकांच्या मागणीवरून संसदेचे अधिवेशन लवकर बोलावले गेले आणि रणांगणावर माणसे पडत असताना सभागृहात सरकारला जाब विचारला गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. खुद्द राष्ट्रपतींनीही सरकारच्या भोळसटपणावर आणि हलगर्जीपणावर उघड बोट ठेवले. प्रश्न विचारल्याने सैन्य खचते म्हणणाऱ्यांनी सांगावे, यातल्या कोणत्या प्रश्नाने सैन्य खचले? सैन्य खचले होते ते प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. ही लढाई महिनाभरात, २१ नोव्हेंबरच्या शस्त्रसंधीने थांबली. आणीबाणी उठली केव्हा? १० जानेवारी १९६८ रोजी! मध्यंतरी १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध झाले, हे खरे. परंतु त्याचा ताश्कंद करार १० जानेवारी १९६६ ला झाला. त्यानंतर बरोबर दोन वर्षे कोणत्या शत्रूसाठी ती चालू होती? भारत संरक्षण कायद्याखाली विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांत कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. ‘ते कम्युनिस्ट होते, आपले काय गेले!’ असे तेव्हा ज्यांना वाटले, त्यांना उत्तर पुढच्या दशकाने दिले.

३ डिसेंबर १९७१ ला राष्ट्रपती गिरी यांनी दुसऱ्यांदा आणीबाणी पुकारली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेना शरण आली. दोन आठवड्यांचे युद्ध, आणि तेही जिंकलेले! तरी ती आणीबाणी उठली नाही. ती अंगावर असतानाच २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी दुसरीवर सही केली; मंत्रिमंडळाला विचारले गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी! आता तुरुंगात जनसंघाचे गेले, समाजवादी गेले, सर्वोदयी गेले. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. मंचावर केंद्रीय मंत्री बसलेले असताना दुर्गाबाईंनी सभेला उभे राहून आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितले. पुढे त्यांनाही तुरुंग पाहावा लागला. १९६२, १९६५ आणि १९७१ ही तिन्ही युद्धे मिळून चार महिनेही भरत नाहीत. त्यांच्या नावावरच्या आणीबाण्या मात्र दहा वर्षांहून अधिक चालल्या. वामनाचे पाऊल आणखी कसे मोजायचे?

आपल्या गृहस्थांना परदेशचा दाखला हवा असेल, तर अमेरिकेच्या लिंकनचा घ्यावा. त्यानेही यादवी युद्धात लोकांना विनाचौकशी डांबले आणि त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण युद्ध ऐन भरात असताना, १८६४ साली, त्याने निवडणूक होऊ दिली. ऑगस्टमध्ये त्याला वाटत होते की आपण हरणार. तेव्हा, हरल्यास नव्या अध्यक्षाला साहाय्य करून देश वाचविणे हे आपले कर्तव्य राहील, असे त्याने लिहून ठेवले आणि मजकूर न दाखविता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. तो जिंकला हा भाग निराळा. हरण्याची तयारी ठेवणारा युद्धनेता, ही खरी दुर्मीळ गोष्ट.

युद्धासाठी उभारलेल्या गोष्टींचे पुढे काय होते, हे पाहायला आम्हा ठाणेकर-कल्याणकरांना दूर जायला नको. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ साली इंग्रजांकडे गेला. शत्रू बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या त्याच तटबंदीच्या आत तुरुंग झाला, आणि १९१० साली तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. उलट कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी उभी राहिली. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांनी चुली मांडल्या. त्या छावणीचे उल्हासनगर झाले. युद्धातून उरलेल्या भिंतींचा तुरुंग करायचा की घर, हे भिंती ठरवीत नाहीत. राज्यकर्ते ठरवितात, आणि राज्यकर्त्यांना आपण.

एकदा आपण तसे ठरविलेही. १९७७ साली मतदारांनी सत्ता उलथविली. आणीबाणीत येरवड्याला डांबलेले रामभाऊ म्हाळगी ठाण्यातूनच लोकसभेवर निवडून गेले. पुढच्या वर्षी चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येत नाही. संसदेने ती महिन्याच्या आत मान्य करावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. जगण्याचा हक्क तर कोणत्याही आणीबाणीत स्थगित होत नाही. पावलाचे माप शेवटी कागदावर आले ते असे, आणि त्यासाठी कितीकांनी वर्ष-दीड वर्ष कोठडीत काढले.

पण कागदाची राखण कागद करीत नाही. म्हणून गाडीतल्या त्या गृहस्थांना नम्र विनंती अशी की, पुढच्या वेळी युद्धनेत्याचे गोडवे गाताना त्याचा आवाज किती चढला, हे सांगू नये. त्याने संसदेला किती वेळा तोंड दिले, विरोधकांपैकी कितींना बोलू दिले आणि लढाई थांबल्यावर कितव्या दिवशी हातची सत्ता खाली ठेवली, तेवढे सांगावे. मग आम्हीही त्याचा जयजयकार करू, अगदी ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाडीत उभे राहून.