दुकान मोबाईलमध्ये, पण मोबाईल कोणाच्या नावावर?

मागच्या रमजानच्या सोळाव्या-सतराव्या रोजाची गोष्ट. ऐन सीझनमध्ये मेव्हण्याचा फोन आला. त्याचं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. दुकानाचा मोबाईल रिक्षात राहिला होता. म्हणाला, "मास्तर, मोबाईल गेला त्याचं काही नाही. पण त्यातच सगळं दुकान होतं."

खरंच होतं. मालाचे फोटो, होलसेलचे भाव, गिऱ्हाईकांचे नंबर, कोणाकडून किती येणं बाकी, सगळं व्हॉट्सअॅपवर. त्याच नंबरचं नवं सिम काढायला गेलो तर नंबर भाच्याच्या नावावर, आणि भाचा नोकरीला सौदीत. बॅकअप शोधला तर तो दुकान सोडून गेलेल्या एका पोराच्या जीमेलवर. त्याला गाठून पासवर्ड घेतला, तेव्हा कळलं की बॅकअप सात महिन्यांपूर्वीच थांबलाय.

का थांबला, हे समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या मोफत जागेत मोजला जात नव्हता. २०२४ पासून तो मोजला जाऊ लागला. मोफत जागा १५ जीबी, आणि फोटो, मेल, बॅकअप सगळं तेवढ्यातच. जागा भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती आपण बोटाने बाजूला सारतो, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

व्हॉट्सअॅप बिझनेस भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं. तेव्हापासून आपल्या बाजारातल्या छोट्या दुकानदारांना त्याने मोठा हात दिला, हे नाकारता येणार नाही. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू लावता येतात, ऑर्डरवर लेबल लावता येतं, खर्च शून्य. पण ती दुकानाची काच आहे, गोदाम नव्हे. आपण गोदामही काचेतच मांडून बसलो.

त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अॅपवाल्या कंपन्यांना आदेश दिला: ज्या नंबरवर खातं आहे, ते सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय अॅप चालू द्यायचं नाही. कॉम्प्युटरवर उघडलेलं व्हॉट्सअॅपही जास्तीत जास्त ६ तासांत आपोआप बंद झालं पाहिजे. हेतू सायबर फसवणूक रोखण्याचा आहे, आणि तो वाईट नाही. पण आपल्याकडे सिम मालकाच्या खिशातल्या बटनांच्या फोनमध्ये आणि व्हॉट्सअॅप काउंटरवरच्या फोनमध्ये, अशी किती दुकानं आहेत ते जरा मोजून बघा. असा नियम सगळ्यात आधी यांनाच अडवणार.

दुसरी गोष्ट जीएसटीची. कायद्याप्रमाणे हिसाबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. हिसाब कॉम्प्युटर-मोबाईलवर ठेवायला परवानगी आहे, पण नियम ५७ सांगतो की त्याचा नीट बॅकअप हवा; अपघाताने माहिती गेली तरी ती परत मिळवता आली पाहिजे. "साहेब, मोबाईल रिक्षात राहिला" हे उत्तर तिथे चालणार नाही.

मग आम्ही काय केलं? महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. आधी नावं दुरुस्त केली. नवा नंबर मेव्हण्याच्या स्वतःच्या नावावर, दुकानाचं वेगळं जीमेल, पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत, व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन. मग गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर आणि एक शीट. प्रत्येक मालाला नंबर, आणि फोटोच्या फाईलला तोच नंबर. पूर्वी फोटोंची नावं "लाल कुर्ता नवा फायनल २" अशी असायची. त्यातून काय सापडणार? उर्दूतली जुनी भावयादी इनपेजमध्ये केलेली होती, ती मोबाईलवर उघडेचना. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करावी लागली. दोन रात्री त्यात गेल्या. मराठीच्या जुन्या फॉन्टमध्ये पत्रकं करून ठेवणाऱ्यांचंही तेच दुखणं आहे.

हे सगळं बसवलं कोणी? मी नाही. भाचीने. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत मी बघतो, कॉम्प्युटरच्या तासाला मुली भराभर शीट भरतात, सूत्रं लावतात. बारावी झाली की ते शिक्षण घरात पडून राहतं, आणि दुकानाचा हिसाब महिन्याकाठी बदलणाऱ्या पोरांच्या हातात. दुकानात बसायला अजून तिला कोणी सांगितलेलं नाही. ती घरूनच रात्री नवा माल चढवते, उधारी लिहिते.

मेव्हण्याने लाल वही मात्र सोडलेली नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर दोघं वही आणि शीट ताडून बघतात. आतापर्यंत तीनदा चूक वहीत निघाली, एकदा शीटमध्ये.