पुस्तक कोणत्या बहाराचं?

आमच्या कारंजा घाडग्याचा माणूस संत्रं घेताना जितका चौकस असतो, तितका मत देतानाही नसतो. आंबिया बहाराचं की मृगाचं, साल पोकळ तर नाही ना, असा सगळा पंचनामा झाल्यावाचून खिशात हात जात नाही. हाच गृहस्थ नागपुराहून मुलासाठी मोबाइलचं अ‍ॅप करायला शिकवणारं पुस्तक आणतो, तेव्हा मात्र दोनच गोष्टी बघतो : जाडी आणि सूट!

पुस्तकाचा बहार कोणी विचारतच नाही. यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ नागपूरचंच. सी भाषा १९७२ च्या सुमाराची. तिची मुळाक्षरं अजून तीच. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालतं. त्यामुळे आम्हांला वाटतं, कॉम्प्युटरचं पुस्तक म्हणजे लोणचं. मुरेल तितकं चांगलं. पण अ‍ॅपचं पुस्तक ही मेथीची जुडी आहे हो! २०१३ चं पुस्तक बाराव्या पानावर सांगतं, ‘एक्लिप्स उघडा.’ आता २०१४ च्या डिसेंबरात गूगलने अँड्रॉइड स्टुडिओची पहिली पक्की आवृत्ती काढली आणि पुढे एक्लिप्सला निरोप दिला. २०१७ साली कॉटलिन भाषेला मान्यता मिळाली, २०१९ साली तिला जावाच्या पुढचं पान वाढलं. २०२१ साली कंपोज आलं, आणि पडद्यावरची बटणंसुद्धा कॉटलिनमध्येच मांडता येऊ लागली. पोरानं उघडायचं तरी काय?

हे मी एका दुकानदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “ग्यान कधी जुनं होते का, काका?”

ग्यान होत नसेल, पोरगं मात्र खचतं. मराठी शाळेतून आलेला मुलगा डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ लावतो, पुस्तकात आहे तश्शी टाइप करतो, आणि समोर तांबड्या रेघांचा सडा! शेजारचे म्हणतात, “इंग्रजी कच्चं असंन.” बाप म्हणतो, “बी. ए. ला टाकू.” पुस्तक शिळं आहे, असं एकही मायचा लाल म्हणत नाही. मुलगा नापास, पुस्तक पास! माझा राग आहे तो या निकालावर.

दुसरा राग नावांवर. ‘चोवीस तासांत शिका’ म्हणे! वीज गेलेले तास यात धरलेत की वेगळे? आणखी एक मालिका ‘डमीं’साठी असते. आमच्याकडे डमी म्हणजे दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारा. त्याला पुस्तक कशाला?

तेव्हा आधी छपाईचं साल बघा. आत कॉटलिन आणि कंपोज असेल तर पुढे जा. जावाच जावा असेल तर पुस्तक आल्या वाटेनं फळीवर ठेवा. पहिल्याच प्रकरणात काहीतरी स्वतःच्या फोनवर चालवून दाखवणारं पुस्तक शंभर रुपये जास्त देऊनही घ्यावं. लॅपटॉपची मेमरी निदान ८ जीबी हवी. नसेल तर आधी नुसत्या कॉटलिनचं बारकं पुस्तक. गूगलचा कंपोजचा प्राथमिक अभ्यासक्रम तर फुकट आहे, पण फुकटावर आपला विश्वास नाही. आयफोनच्या अ‍ॅपचं पुस्तक तूर्त नको. त्याला मॅक लागतो, आणि मॅकच्या किमतीत बरी दुभती गाय येते.

आता घरात आधीच येऊन पडलेल्या सातशे पानांचं काय, असं कोणी विचारील. ती रद्दीवाल्याला द्या. त्याला जाडी चालते.