तिसरी बादली

रात्री अडीचला बेडरूममधून खर्र खर्र असा आवाज. आधी वाटलं, उंदीर. लाइट लावला तर आमची चिऊ, वय वर्षे सव्वा, अर्धवट झोपेत गुडघ्याच्या मागे खाजवत होती. चादरीवर रक्ताचे दोन बारीक ठिपके. नवरोबा डोळेही न उघडता म्हणाला, "डास असेल." पुण्यात कशाचंही कारण एक तर डास असतो, नाही तर मेट्रोचं काम!

पण डास एकाच जागी, दोन्ही पायांना, सलग आठ रात्री चावत नाही. गुडघ्यामागे, कोपराच्या आतल्या बाजूला, मानेच्या घडीत लालसर खरबरीत चट्टे आले होते. सासूबाईंचं निदान : दात येतायत. सांगलीहून आईचा फोन : डाळीचं पीठ आणि साय लावून खसखसून चोळ. ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज : साबण बदल. आणि मी? मास कॉमची डिग्री घेतलेली मुलगी, मी थेट शोधपत्रकारितेवर उतरले. दोन रात्री मोबाइलवर घालवून मी आरोपी पकडला. कपडे धुण्याची पावडर. आणि सहआरोपी, ती वापरणाऱ्या आमच्या मावशी.

मावशी चिऊचे कपडे हाताने धुतात. ‘लहान बाळाचे कपडे मशीनमध्ये नकोत’ हा सासूबाईंचा नियम. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जरा तोऱ्यातच म्हटलं, "मावशी, तुम्ही नीट खळबळत नाही का हो कपडे?" त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं आणि बादली उचलली.

मग सुरू झालं माझं शॉपिंग. खरं सांगू का, घाबरलेली आई हे मार्केटिंगवाल्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक असतं. दहा मिनिटांत घरपोच सामान आणणाऱ्या ॲपवर मी पंधरा दिवसांत सहा बाटल्या मागवल्या. ‘जेंटल’, ‘बेबी सेफ’, ‘प्लांट बेस्ड’, ‘हायपोअलर्जेनिक’. शेवटचा शब्द तर इतका भारदस्त वाटतो की किंमत बघायचंही भान राहत नाही. पण हा शब्द बाटलीवर छापायला नेमकं काय सिद्ध करावं लागतं? अमेरिकेत तिथल्या एफडीएने १९७५ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी त्याचा नियम केला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. हे मी सहावी बाटली उघडल्यावर वाचलं, अर्थात.

आणि त्या सहापैकी चार बाटल्यांना वास होता. छान, गोड, बाळाचा म्हणून आपण ओळखतो तसला. नाजूक त्वचेला ज्या गोष्टींचा त्रास होतो त्यात सुगंधी द्रव्यं अगदी वरच्या नंबरावर असतात. म्हणजे जो वास घेऊन आपण ‘आहा, किती स्वच्छ’ म्हणतो, तोच चिऊला नको होता. वर मी कपडे मऊ व्हावेत म्हणून सॉफ्टनर घालत होते (तोही सुगंधी, आणि तो कपड्यावर राहण्यासाठीच असतो). जंतू नकोत म्हणून शेवटच्या पाण्यात टोपणभर अँटिसेप्टिकही. प्रेमापोटी मी त्या एवढ्याशा झबल्यावर केमिस्ट्रीचं अख्खं प्रॅक्टिकल उरकत होते.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, एक्झिमा. लहान मुलांमध्ये कॉमन आहे, बहुतेकदा वयाबरोबर कमी होतो. त्वचा म्हणजे विटांची भिंत धरली तर हिच्या भिंतीत सिमेंट कमी आहे. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरचं काहीबाही आत जातं. पाच-सात दिवसांसाठी सौम्य मलम, आणि आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. नेहमीचा साबण बंद, कारण त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात आणि आपल्या त्वचेचा साधारण पाच. त्याऐवजी बिनवासाचा, साबण नसलेला क्लेन्झर. डाळीचं पीठ चोळणं तर बंदच बंद. (आईला हे सांगायला मी अजून धीर गोळा करतेय.)

"आणि पावडर कुठली वापरू?" मी सहा बाटल्यांची यादी काढली. डॉक्टर यादीकडे न बघता म्हणाल्या, "घरी गेल्यावर तिचं धुऊन वाळलेलं एक झबलं स्वच्छ पाण्यात टाका आणि हाताने हलवा. मग मला सांगा."

टाकलं. हलवलं. पाण्यावर फेस आला! चांगला बोटभर, पांढरा. धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या, घडी घातलेल्या झबल्यातून. म्हणजे चिऊ रोज ते अंगात घालत होती, घाम आला की तो साबण पुन्हा ओला होत होता, आणि तोही नेमका घड्यांमध्ये.

मी झबलं हातात धरून मावशींकडे गेले. आता पुरावाच होता ना माझ्याकडे! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, दोन बादल्यांत भागवा म्हणून. टँकरचं बिल येतं म्हणून."

म्हणाले होते. मार्चमध्ये. आमची सोसायटी शहराच्या त्या टोकाला आहे जिथे फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो आणि नळाचं पाणी साडेनऊला जातं. बाकी सगळं बोअर आणि टँकर. ते पाणी इतकं जड की गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा पाण्यात फेस होत नाही, म्हणून मी वरून सांगून ठेवलं होतं, ‘पावडर थोडी जास्त घाला’. पावडर दुप्पट माझी, पाणी अर्धं माझं, आणि ओरडा मावशींना.

सॉरी म्हटलं. त्या "असू दे" म्हणाल्या. आणि तेव्हा, झबलं परत देताना, माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. तीन वर्षं त्या आमच्याकडे येतायत. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याच्या कडेला चिरा, दोन बोटांमधली कातडी लाल. "हे काय?" "साबणाचे हात आहेत ताई, असेच असतात." दिवसाला चार घरांचं धुणं आणि भांडी. चिऊच्या गुडघ्यामागे जे होतं त्याचाच मोठा भाऊ त्यांच्या हातांवर होता, आणि त्याच हातांनी त्या ते झबलं खळबळत होत्या.

पुढच्या व्हिजिटला मी मावशींना बरोबर नेलं. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. सतत पाणी आणि साबणात असणाऱ्या हातांचा हा नेहमीचा एक्झिमा, म्हणाल्या. हात कमी भिजवा, आतून सुती आणि वरून रबरी मोजे घाला, काम झालं की लगेच व्हॅसलिन. मावशींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मोज्याने डाग कळत नाही हाताला."

आता घरात काय चालतं ते सांगते, कारण गेल्या वेळी चिऊचा उल्लेख केला तर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं. साधं बिनवासाचं लिक्विड, तेही पूर्वीच्या निम्मं. सॉफ्टनर आणि अँटिसेप्टिक बंद. नवीन कपडा आधी धुवायचा, मगच घालायचा. चादरी आठवड्यातून एकदा साठ डिग्रीच्या पाण्यात. आणि डॉक्टरांची अट : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन आठवडे बघायचं, वहीत लिहायचं. मी सहा बाटल्या एकदम फिरवत बसले होते, मग कशाने काय झालं हे कळणार कुठून?

सासूबाईंनी रिठे आणले. रिठ्यात नैसर्गिक फेस असतो आणि त्यांची पैठणी वर्षानुवर्षं त्यानेच धुतली जाते. मला आयडिया आवडली, पण झबल्यावरची केळ्या-वरणभाताची नक्षी त्याने निघेना. शिवाय ते पाणी डोळ्यात गेलं की झोंबतं. ‘नॅचरल’ म्हणजे ‘सौम्य’ असं नसतं, हे चिऊनेच किंचाळून सांगितलं. रिठे पैठणीकडे परत गेले. त्यांची दुसरी सूचना मात्र हिट ठरली. त्यांच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी. शंभरदा धुऊन इतकी मऊ झालीयत की त्यापुढे दुकानातलं काहीही खरखरीत वाटतं.

पाणी मऊ करणारं यंत्र विकायला एक जण घरी येऊन गेला, एक्झिमावर गॅरंटी म्हणाला. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर हाच प्रयोग झालाय, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १२ आठवडे घरी मऊ पाणी वापरूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. रेशमी औषधी कपड्यांचीही तीच गत, ३०० मुलं, २०१७. यंत्राचे पैसे वाचले, ते टँकरला गेले. कारण आता तिसरी बादली असते. साबणाच्या पाण्यानंतर तीन वेळा स्वच्छ पाणी, फेस दिसेनासा होईपर्यंत.

चिऊ गेला महिनाभर रात्री झोपतेय. याचं श्रेय मलमाला किती आणि बादलीला किती, हे मला सांगता येणार नाही. मागच्या आठवड्यात थोडे चट्टे पुन्हा आले, ते येत-जात राहणार असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

मावशींच्या हातांसाठी मी ठरवलं, सासूबाईंचा नियम गेला खड्ड्यात, झबली मशीनमध्ये टाकायची, एक्स्ट्रा रिन्स लावून. मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "मग ताई, धुण्याचे पैसे कापणार का?"

मी "नाही हो" म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले, मध्ये एक सेकंद गेला, आणि तो सेकंद त्यांनी पाहिला.

पैसे तेवढेच आहेत. मशीन मावशीच लावतात, लिक्विड चमच्याने मोजून घालतात. पलीकडच्या विंगमधल्या ताईंनाही त्यांनी सांगून बघितलं म्हणे, पावडर कमी करा. त्या म्हणाल्या, मग वास कसा येणार?