ताटातली चांदी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी दोन जुन्या वस्तू मांडतात. चारमिनारची छाप असलेला चांदीचा हाली रुपया, आणि निजामाच्या राज्यातली, घडीवर विरत चाललेली एक कागदी नोट. आजी रुपयाला हळदकुंकू वाहायची, नोटेला नाही. "कागदाची कुठं लक्ष्मी होते का?" म्हणायची.

ही नोट परभणीच्या बाजारात आणली पहिल्या महायुद्धाने. युद्धात चांदी मिळेनाशी झाली, नाणी पाडायला पुरेना, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१८ साली कागदी चलनाचा कायदा केला. नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापलेली. वरच्या वर्गात गेलं की मराठी मुलांना उर्दूतून शिकावं लागे. नोटेवर मात्र मराठीला जागा मिळाली. आजही ती अक्षरं वाचताना माझ्या पोटात कालवतं.

लढाईत उतरायचं की नाही हे मानवतच्या, सेलूच्या कापूस पिकवणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. लंडनने ठरवलं, निजामाने साथ दिली. संस्थानाचे घोडेस्वार इजिप्त-पॅलेस्टाईनला गेले. निजामाच्या पैशातून घेतलेल्या विमानांमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचं नाव मिळालं. १९१८ मध्येच निजाम 'हिज एक्झाल्टेड हायनेस' झाला. दिल्लीच्या 'तीन मूर्ती' युद्धस्मारकातली एक मूर्ती हैदराबादच्या स्वारांची. त्या स्वारांच्या शौर्याबद्दल मला आदर आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

पण त्याच १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेली मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, रेल्वेने देशभर पसरली. परदेशी रणांगणांवर हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक पडले; मानमोडीने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्यांची मूर्ती कुठल्याच चौकात नाही. जून १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची म्हणून सही झाली, राष्ट्रसंघात जागा मिळाली. जगात पत वाढली म्हणावी, तर घरात रौलट कायदा आणि जालियनवाला बाग घडून गेली होती.

दुसऱ्या खेपेलाही विचारणं नाहीच. ३ सप्टेंबर १९३९ ला हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं व्हाइसरॉयने परस्पर जाहीर केलं. १९४० मध्ये इंग्रजी मुलखातल्या कलदार रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. आणि आमच्याकडे आली लेव्ही. खळ्यावर ज्वारीची रास पडली, की सरकारचा माणूस माप घेऊन हजर. भाव सरकारचा. घरात खायला काय उरतं हा प्रश्न ज्याचा त्याचा. आजी सांगायची, बायकांनी कणगीतली ज्वारी रातोरात भुशाखाली दडवली होती. पोरांना दम दिलेला, कुणापुढे बोलायचं नाही म्हणून. मला वाटतं, 'आम्हाला न विचारता आमच्या ताटातलं का उचलता?' हा सवाल गावागावांत पहिल्यांदा असा खळ्यावर उभा राहिला. पुढे लेव्हीचा विरोध मुक्तिसंग्रामात मिसळला, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. इंग्रजांनी दिलेली कुठलीही पदवी तेव्हा कामी आली नाही.

आज चावडीवर, मोबाइलवर लढाईची गोष्ट निघाली, की आवाज लगेच चढतो. २०२२ मध्ये युक्रेन पेटलं आणि आपण लढाईत नसतानाही सूर्यफुलाचं तेल किती महागलं, ते दिवाळीचं तळण करणाऱ्या प्रत्येकीला आठवत असेल. देशावर वेळ आली तर लढावंच लागतं, याबद्दल दुमत नाही. पण आता विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघे आपणच आहोत. तेव्हा हो म्हणण्याआधी कुणाच्या कणगीतून काय जाणार, ते मोजून घेण्याचा हक्क आपला आहे.

हा दिवाळी अंक हाती देताना वाचकांकडे एक मागणं आहे. गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पूर्णा, कुठेही असाल, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली तर रद्दी टाकण्याआधी नीट बघा. लेव्हीची पावती, लामवर, म्हणजे लढाईवर, गेलेल्या कुणाचं कार्ड, हाली नोट, काहीही सापडलं तरी आम्हाला कळवा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून आधी त्या दिवसांच्या आठवणी विचारून घ्या.