पायगुण आणि सातबारा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करंजाड्याच्या इमारतींमध्ये हळदीकुंकवाच्या सूचना लागतात. ‘सर्व महिलांना आग्रहाचं आमंत्रण.’ त्या ‘सर्व’मध्ये कोण नाही हे कुणी लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. अलीकडे काही ठिकाणी विधवांनाही बोलावतात. पण करंडा घेतलेला हात त्यांच्यापाशी आला की किंचित थबकतो. मला त्या थबकण्याविषयी लिहायचं आहे.

श्रद्धेचा मान राखा, असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. पण ही श्रद्धा म्हणते तरी काय? नवरा गेला तो बायकोच्या पायगुणानं, आणि तिच्या जवळिकीनं इतरांचं सौभाग्य धोक्यात येतं. हे विधान आहे, आणि विधान तपासता येतं. नवरे जातात ते हृदयविकारानं, अपघातानं, दारूनं. बायको गेलेल्या पुरुषाला कुणी मांडवाबाहेर बसवत नाही. त्याला वर्षाच्या आत बोहल्यावर उभं करायची घाई असते. आणि कार्याचा स्वयंपाक? तो बऱ्याचदा याच बाईनं रांधलेला. तिचा हात पुरणाला चालतो, ओटीला चालत नाही! सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून देवाधर्मासकट हा दुटप्पीपणा उलटा तपासला होता.

याचा हिशेब मनाच्या दुखण्यावर संपत नाही. सिडकोचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, विमानतळासाठीचं पुनर्वसन यांमुळे आपल्या भागात सातबाऱ्यावरच्या नावाला मोल आलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. पण कुंकू पुसून, बांगड्या फोडून जिला नुकतंच कोपऱ्यात बसवलंय, तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं तर ती विचारेल कशी? अपशकुनी ठरलेली बाई वाटा मागत नाही. ही सोय कुणाची, हे सांगायला हवं का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी त्यासाठी आधीपासून आग्रह धरला होता. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आवाहनच ते, मोडलं तर शिक्षा नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही या प्रथा नाहीत. पुढे एप्रिल 2023 मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणण्याची सूचना पुढे आली. नाव पवित्र, जागा तीच.

‘हे शास्त्रच आहे’ म्हणणाऱ्यांना मी धवलारीण दाखवते. पनवेल-उरणच्या आगरी लग्नांत बाई धवळे गाते, विधी लावते, आणि लग्न लागतं. भटजी नसला म्हणून ते मोडत नाही. रीत माणसांनीच घातली, माणसांनाच बदलता येते.

मैत्रिणींनो, येत्या संक्रांतीला पहिलं कुंकू कुणाला लावायचं ते आधीच ठरवा, आणि सूचनेवर तसं लिहा. आणि वस्तीत कुणाचा नवरा गेला तर सांत्वनाला जाताना एवढं जरूर सांगा: कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो कुणाकडून तरी वाचून घे, वकिलाला दाखव.